इतिहासाच्या दिशेला वळवलेली खुर्ची

ऑगस्ट १९४४. पॅरिस जर्मनांच्या ताब्यातून सुटत होतं. रस्त्यात दगड-फरशा रचून अडथळे उभे केले जात होते, गच्च्यांवरून गोळ्या झडत होत्या. कॉमेदी-फ्रांसेज या जुन्या नाट्यगृहाच्या राखणीला तत्त्वज्ञ-लेखक ज्याँ-पॉल सार्त्र होता. शहरभर पायपीट करून दमलेला हा पहारेकरी प्रेक्षागृहातल्या एका खुर्चीत चक्क झोपी गेला. त्याचा मित्र, लेखक आल्बेर काम्यूनं येऊन त्याला उठवलं आणि म्हणाला, ‘वा! खुर्ची अगदी इतिहासाच्या दिशेला वळवलेली दिसतेय!’ किस्सा असाच सांगतात. दोघं हसले असणार, कारण तेव्हा ती थट्टा होती.

आठ वर्षांनी हीच खुर्ची काम्यूच्या छापील पत्रात पुन्हा आली. आयुष्यात इतिहासाच्या दिशेला खुर्चीपलीकडं काहीही न ठेवलेल्या टीकाकारांकडून परिणामकारकतेचे धडे ऐकून मी कंटाळलोय, असं त्यानं लिहिलं. त्या पत्रावर आणि त्याच्या उत्तरावर मैत्री संपली. पुढं काम्यू साडेसात वर्षं जगला, पण दोघांत समेट झाला नाही.

हे प्रकरण सहसा दोन ओळींत उरकलं जातं: काम्यू हिंसेविरुद्ध होता, सार्त्र क्रांतीसाठी हिंसा मान्य करायचा, म्हणून फाटलं. पण हा मतभेद १९५२ मध्ये उपटलेला नव्हता. निदान सहा-सात वर्षं तो दोघांच्या मधोमध बसून त्यांच्यासोबत दारू पीत होता. मग तो १९५२ मध्येच जड का झाला?

दोघं

ओळख आधी कागदावर झाली. १९३८ मध्ये अल्जिअर्सच्या एका दैनिकात काम्यूनं सार्त्रच्या पहिल्या कादंबरीवर लिहिलं, १९४३ मध्ये सार्त्रनं काम्यूच्या पहिल्या कादंबरीवर दीर्घ लेख लिहिला. त्याच वर्षी जूनमध्ये सार्त्रच्या नाटकाच्या प्रयोगाला काम्यूनं स्वतः पुढं होऊन ओळख करून दिली. मग गट्टी जमली ती कॅफे, नाटक आणि रात्री उशिरापर्यंतच्या हसण्या-खिदळण्यातून. मार्च १९४४ मध्ये पिकासोच्या एका विक्षिप्त नाटकाचं घरगुती वाचन झालं, त्यात सार्त्र आणि त्याची जोडीदार, लेखिका सिमोन द बोव्हारनं भूमिका वाचल्या आणि दिग्दर्शन काम्यूचं होतं. पुढं काम्यू ‘काँबा’ या जर्मनविरोधी प्रतिकारलढ्याच्या पत्राचा संपादक झाला. १९४५ च्या सुरुवातीला त्यानं सार्त्रला ‘काँबा’चा वार्ताहर म्हणून अमेरिकेला पाठवलं.

घरची पार्श्वभूमी मात्र दोन टोकांची. सार्त्र पॅरिसचा, आजोबांच्या पुस्तकांत वाढलेला, एकोल नॉर्माल या नामांकित संस्थेत शिकलेला. काम्यू अल्जीरियातल्या गरीब गोऱ्या वस्तीतला. वडील १९१४ च्या युद्धात गेले तेव्हा तो एक वर्षाचाही नव्हता. आईला वाचता येत नव्हतं, ऐकू कमी यायचं, ती लोकांच्या घरची साफसफाई करायची. सतराव्या वर्षी त्याला क्षयानं गाठलं. वडिलांविषयी त्याला घरातून जे थोडंफार कळलं त्यात एक गोष्ट होती. एका खुन्याला गिलोटिनवर चढवणार होते, तेव्हा वडील मुद्दाम पहाटे उठून बघायला गेले. परत आले ते कुणाशी एक शब्द न बोलता पलंगावर पडले आणि एकदम ओकू लागले. कायदेशीर, न्याय्य म्हणवली जाणारी हत्या पाहून ओकणारा माणूस काम्यूच्या लेखनातून कधीच हलला नाही. तत्त्वज्ञान त्याच्यावर नंतर चढलं.

फाटण्याआधीच्या चिरा

जर्मनांना साथ देणाऱ्यांना शिक्षा द्यायची वेळ आली तेव्हा काम्यूच कडक होता. दया दाखवा म्हणणाऱ्या कादंबरीकार मोरियाकशी त्यानं ‘काँबा’तून वाद घातला. पण जानेवारी १९४५ मध्ये देहदंडाची शिक्षा झालेल्या रोबेर ब्राझियाक या फॅसिस्ट लेखकासाठी दयेचा अर्ज फिरू लागला, तेव्हा काम्यूनं सही केली. ब्राझियाकविषयी त्याला तिरस्कारच होता, सही देहदंडाविरुद्ध होती. सार्त्र आणि बोव्हारनं सही केली नाही. सरकारप्रमुख द गॉलनं अर्ज फेटाळला, ६ फेब्रुवारीला ब्राझियाकला गोळ्या घातल्या. मैत्रीला ओरखडाही आला नाही.

दुसरी चीर १९४६ च्या अखेरीची. ‘ल तां मोदेर्न’ या सार्त्रच्या मासिकात तत्त्वज्ञ मोरिस मेर्लो-पाँतीनं मॉस्कोच्या खटल्यांवर, म्हणजे स्टालिननं जुन्या सहकाऱ्यांवर चालवलेल्या दिखाऊ खटल्यांवर लिहिलं होतं. क्रांतीनं केलेल्या हिंसेचा निवाडा ती पुढं काय घडवते यावरून करायचा, अशा वळणाचा तो लेख होता. लेखक बोरिस व्हियांच्या घरी पार्टी चाललेली असताना काम्यू उशिरा आला आणि थेट मेर्लो-पाँतीवर तुटून पडला: तू खटल्यांचं समर्थन करतोयस. सार्त्र मेर्लो-पाँतीच्या बाजूनं बोलला. काम्यू दार आपटून निघून गेला. सार्त्र आणि बोस्त नावाचा मित्र त्याच्यामागं धावले आणि रिकाम्या रस्त्यावर त्यांनी त्याला गाठलं. तो परत यायला तयार झाला नाही. काही महिने अबोला राहिला, मग मिटलं.

या प्रसंगातला वादाचा मुद्दा १९५२ सारखाच आहे. फरक इतकाच की सार्त्र त्या रात्री रस्त्यावर धावत गेला होता.

एक परीक्षण, दोन पत्रं

ऑक्टोबर १९५१ मध्ये काम्यूचं ‘लोम रेव्होल्ते’, म्हणजे ‘बंडखोर माणूस’, प्रसिद्ध झालं. त्याचा गाभा असा: ‘नाही’ म्हणणारा गुलाम त्याच क्षणी एका मर्यादेला ‘हो’ म्हणतो. इथपर्यंत चालेल, यापुढं नाही, हे तो सगळ्यांच्या वतीनं बोलतो. बंड या मर्यादेवर उभं असतं. क्रांती जेव्हा इतिहासालाच देव करते आणि उद्याच्या निर्दोष समाजाच्या नावानं आज माणसं मारते, तेव्हा ती मर्यादा आणि तिच्यासोबत बंडही मरतं. रागाच्या भरात झालेल्या खुनाला निदान सबबीची लाज असते. तर्कशुद्ध खुनाला तत्त्वज्ञानच साक्षीदार म्हणून मिळतं.

काम्यू अहिंसावादी होता असा समज या पुस्तकावरून होतो, तो चूक आहे. जर्मनांविरुद्धच्या सशस्त्र लढ्याला त्याची साथ होती. १९४८ च्या एका वादात त्यानं स्पष्ट लिहिलं होतं की हिंसा अटळही आहे आणि असमर्थनीयही. त्याला आदर होता तो १९०५ च्या रशियन दहशतवाद्यांचा. त्यांच्यातल्या कालियायेवनं झारच्या घराण्यातल्या ग्रँड ड्यूकच्या बग्गीत मुलं दिसली म्हणून हातातला बॉम्ब फेकला नाही, दोन दिवसांनी ड्यूक एकटा सापडल्यावर फेकला, आणि मग स्वतःच्या फाशीला किंमत म्हणून सामोरा गेला. जीवाला जीव. तीन वर्षांत हजारो माणसं सक्तमजुरीच्या छावण्यांत धाडून संध्याकाळी निवांत जेवणारा कारकून काम्यूच्या हिशेबात बसत नव्हता.

पुस्तक बाहेर पडलं आणि उजव्या वर्तुळांतून कौतुक आलं. ‘ल तां मोदेर्न’च्या बैठकांत कुणी परीक्षण करायला तयार होईना. आवडलेलं नव्हतं, आणि मित्राच्या पुस्तकावर तुटून पडायचीही इच्छा नव्हती. सार्त्र महिनोन् महिने विचारत राहिला. शेवटी काम फ्रांसिस जाँसाँकडं गेलं. तो तिशीच्या आतला होता आणि सार्त्रवर एक पुस्तक लिहून बसलेला. एप्रिल १९५२ मध्ये एका बारमध्ये सार्त्रनं काम्यूच्या कानावर घातलं की परीक्षण फारसं अनुकूल नसेल. मला विचाराल तर प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक इथंच आहे. मतभेद स्वतःचा, मित्र स्वतःचा, आणि लेखणी तिसऱ्याच्या हातात.

मेच्या अंकात जाँसाँचं परीक्षण वीसेक पानं आलं. शैली फार सुरेख, विचार पातळ, इतिहासातल्या आर्थिक-सामाजिक कारणांकडं पाठ, आणि उजव्यांना हे पुस्तक इतकं का आवडतंय याचा लेखकानं विचार करावा, असा सूर.

काम्यूनं उत्तर लिहिलं ३० जूनला. सुरुवात होती ‘मस्यू ल दिरेक्तर’. आपल्या भाषेत ‘मा. संपादक यांस’. नऊ वर्षांच्या दोस्ताला! संपूर्ण पत्रात जाँसाँचं नाव नाही. ‘आपले सहकारी’, ‘आपला लेख’, एवढंच. म्हणजे लिहिणाऱ्याला मी मोजत नाही, हे तुम्हीच लिहवून घेतलंय, असं एकाच संबोधनात सांगून झालं. मुद्दा मात्र पत्रात खरा होता, आणि धारदार होता: माझं पुस्तक उजवीकडं जातं का डावीकडं यावरून विचार खरा का खोटा ते ठरत नाही, सत्य मला उजवीकडं दिसलं असतं तर मी तिथं गेलो असतो. आणि मी सोव्हिएत छावण्यांविषयी जे विचारलं त्यावर तुमच्या सहकाऱ्यानं एक शब्द काढलेला नाही. याच पत्रात ती खुर्ची होती. मुक्तीच्या आठवड्यातली थट्टा, मधली आठ वर्षं मुरवून परत केलेली.

सार्त्रचं उत्तर ऑगस्टच्या अंकात, काम्यूच्या पत्रामागोमाग छापलं गेलं. सुरुवात ‘माझ्या प्रिय काम्यू’. आपली मैत्री सोपी नव्हती, पण मला तिची चुटपुट लागेल. आपल्याला जवळ आणणारं पुष्कळ होतं, दूर करणारं थोडं, पण ते थोडंही फार झालं. इतकं हळवं लिहून झाल्यावर मग पुढची पानं कसाईकाम आहे. तू तत्त्वज्ञान मुळातून वाचत नाहीस. तू गरीब असशील एके काळी, आता नाहीस, आता जाँसाँ आणि मी आहोत तसाच तूही बूर्झ्वा, सुखवस्तू वर्गातला आहेस. आणि जाँसाँला तू माणूस न समजता वस्तू समजलास. छावण्यांविषयी सार्त्र म्हणाला, त्या मलाही तुझ्याइतक्याच अमान्य आहेत, पण बूर्झ्वा वर्तमानपत्रं रोज त्यांचा जो वापर करतात तोही तितकाच अमान्य आहे.

छावण्यांविषयी सार्त्र आंधळा नव्हता, हे लक्षात घेतलं पाहिजे. जानेवारी १९५० मध्ये मेर्लो-पाँतीसोबत सही केलेल्या संपादकीयात त्यानं लिहिलं होतं की वीस नागरिकांतला एक छावणीत असेल तर तिथं समाजवाद नाही. माहिती दोघांकडं सारखीच होती. त्या माहितीचं करायचं काय, यावर वाद होता.

दोन सार्त्र

पत्रांच्या तारखा शेजारी शेजारी मांडल्या की एक गोष्ट दिसते, ती सहसा सांगितली जात नाही. बारमधलं बोलणं एप्रिलचं, परीक्षण मेचं. २८ मे रोजी अमेरिकी सेनानी रिजवेच्या आगमनाविरुद्ध कम्युनिस्टांनी पॅरिसमध्ये निदर्शनं केली, आणि त्याच संध्याकाळी पक्षाचा नेता झाक द्युक्लो पकडला गेला. त्याच्या गाडीत कबुतरं सापडली. ती निरोप्या कबुतरं असल्याचं सरकारी बाजूचं म्हणणं, प्रत्यक्षात ती जेवणासाठी होती. सार्त्र तेव्हा इटलीत होता. बातमी वाचून त्याचं डोकं फिरलं. पॅरिसला परतून त्यानं झपाट्यानं लिहायला घेतलं, आणि कम्युनिस्टांच्या बाजूनं उभा राहणारा त्याचा लेख जुलैच्या अंकात सुरू झाला.

म्हणजे काम्यूनं पत्र लिहिलं ते एप्रिलमध्ये बारमध्ये बसलेल्या, अडखळणाऱ्या, परीक्षण टाळू पाहणाऱ्या सार्त्रला. उत्तर आलं ते जुलैमधल्या, बाजू ठरवून मोकळ्या झालेल्या सार्त्रकडून.

मला १९५२ चं कोडं इथं सुटताना दिसतं. ब्राझियाकचं प्रकरण संपत आलेल्या युद्धाचं होतं. मॉस्कोचे खटले १९३६ ते ३८ चे. होऊन गेलेल्या हिंसेविषयी दोन मित्र कडाडून भांडू शकतात, कारण त्यातलं कुणीच आता बंदूक हातात घेणार नसतं. १९५२ मध्ये कोरियात युद्ध चालू होतं, तिसरं महायुद्ध होणार असं शहाणी माणसं बोलत होती, आणि प्रश्न होता पुढं होणाऱ्या हिंसेत कुणाच्या रांगेत उभं राहायचं हा. त्या रांगेत काम्यूला जागा नको होती, आणि सार्त्रच्या मते जागा नको म्हणणं म्हणजे पलीकडच्या रांगेत असणं. असा हिशेब एकदा मांडला की मित्राचं मत हे मत राहत नाही, ते शत्रूला मिळालेलं बळ ठरतं. मग रिकाम्या रस्त्यावर धावत जायचं कारण उरत नाही.

यात काम्यूचा अहंकारही धरला पाहिजे. प्रतिकारलढ्यातला संपादक म्हणून मिळालेलं नैतिक वजन तो पत्रात उघडउघड वापरतो, आणि सार्त्रनं नेमकं तिथंच बोट ठेवलं. हे बोट खोटं नव्हतं. पण छावण्यांच्या प्रश्नाला ते उत्तरही नव्हतं.

अंक हातोहात गेला, पुन्हा छापावा लागला. काम्यूनं त्याच वर्षी पुस्तकाच्या बचावाचा एक मजकूर लिहिला आणि हयातीत छापला नाही. आणि मेर्लो-पाँती? ज्याच्यासाठी १९४६ मध्ये दार आपटलं गेलं, त्यानंच सार्त्र कम्युनिस्टांच्या फार जवळ गेला म्हणून मासिक सोडलं आणि १९५५ मध्ये त्याच्यावर सडकून टीका करणारं पुस्तक लिहिलं. सार्त्र स्वतः १९५४ मध्ये रशियाहून परतल्यावर तिथं टीकेचं पूर्ण स्वातंत्र्य आहे असं म्हणाला. पण नोव्हेंबर १९५६ मध्ये हंगेरीतल्या बुडापेस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे शिरल्यावर त्यानं जाहीर निषेध केला आणि पक्षाशी संबंध तोडले. हंगेरीबद्दल दोघांचं मत एकच होतं. तरी भेट झाली नाही.

अल्जीरिया

रशियाविषयी बोलताना दोघंही दुसऱ्याच्या घरातल्या प्रेतांविषयी बोलत होते. १ नोव्हेंबर १९५४ ला अल्जीरियात युद्ध पेटलं तेव्हा काम्यूचा सिद्धांत त्याच्या आईच्या दारात आला.

देशात सुमारे १० लाख युरोपीय आणि ८५ लाखांच्या आसपास मुसलमान. काम्यूनं १९३९ मध्येच तिथल्या काबिलिया भागातल्या उपासमारीवर लेखमाला लिहिली होती, त्यामुळं वसाहतीचा अन्याय त्याला पॅरिसमधल्या पुष्कळांपेक्षा आधी ठाऊक होता. २२ जानेवारी १९५६ ला तो अल्जिअर्समध्ये सभेत उभा राहिला. युद्ध थांबवा, असं त्याचं मागणं नव्हतंच. दोन्ही बाजूंनी निदान सामान्य नागरिकांना मारू नये, एवढंच. बग्गीतली मुलं वगळा. बाहेर गोरा जमाव त्याच्या मरणाच्या घोषणा देत होता. आवाहन वाया गेलं. सप्टेंबरमध्ये अल्जिअर्सच्या मिल्क बारमध्ये स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या मुक्ती आघाडीचा बॉम्ब फुटला, दुसरीकडं फ्रेंच सैन्याचे छळ चालूच होते. काम्यू जाहीर बोलायचा जवळजवळ थांबला. फाशीच्या सावलीतल्या अल्जीरियन कैद्यांसाठी मात्र पडद्याआड अर्जविनंत्या करत राहिला.

डिसेंबर १९५७ मध्ये नोबेल घ्यायला स्टॉकहोमला गेला असताना एका अल्जीरियन तरुणानं त्याला सभेत धारेवर धरलं. काम्यूच्या उत्तराचा आशय असा: सध्या अल्जिअर्सच्या ट्राममध्ये बॉम्ब टाकले जातायत, माझी आई त्यातल्या एखाद्या ट्राममध्ये असू शकते. हाच न्याय असेल तर मी आईला निवडतो. वर्तमानपत्रांनी पहिला अर्धा भाग गाळला आणि ‘न्यायापेक्षा आई’ एवढंच जगभर गेलं.

वाक्य पूर्ण वाचलं की त्यात पळपुटेपणा दिसत नाही. अडचण दुसरीकडं आहे. छळाचा त्यानं निषेध केला, पण स्वतंत्र अल्जीरिया त्याला शेवटपर्यंत मान्य झाला नाही, संघराज्यासारख्या तोडग्यात तो अडकून राहिला. शंभरावर वर्षं चाललेल्या राजवटीची रोजची, बिनआवाजाची हिंसा तो अन्याय म्हणून ओळखत होता, पण बॉम्बच्या समोरच्या पारड्यात ती घालायला कचरत होता. रशियन राज्याला लावलेली तर्कशुद्ध खुनाची कसोटी त्यानं फ्रेंच राज्याला त्याच जोरानं लावली नाही. सार्त्रला नेमकं हेच दिसत होतं, आणि इथं सार्त्रचं बरोबर होतं.

ज्याचं नाव काम्यूनं पत्रात लिहिलं नव्हतं, तो जाँसाँ अल्जीरियन मुक्ती आघाडीचे पैसे आणि माणसं फ्रान्समधून इकडून तिकडं पोचवणारं गुप्त जाळं चालवत होता. सप्टेंबर १९६० मध्ये त्या जाळ्यावर लष्करी न्यायालयात खटला उभा राहिला. फरारी जाँसाँला गैरहजेरीत दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या बाबतीत तरी खुर्चीचा टोमणा चुकला होता. सार्त्रच्या बाबतीतही पुढं चुकलाच: वसाहतवादी दहशतवाद्यांनी तो राहायचा त्या इमारतीत १९६१ आणि १९६२ मध्ये बॉम्ब फोडले.

पण वसाहतवादाविरुद्ध लिहिणाऱ्या फ्रान्ट्झ फॅननच्या पुस्तकाला सार्त्रनं जी प्रस्तावना लिहिली, ती वाचताना काम्यूला कशाची भीती वाटत होती ते कळतं. एका युरोपीयाला गोळी घालणं म्हणजे एका दगडात दोन पक्षी मारणं, असं त्यात आहे. जुलूम करणारा आणि जुलूम सोसणारा दोघंही एकदम संपतात, मागं उरतात एक मेलेला माणूस आणि एक स्वतंत्र माणूस. त्यात बग्गी नाही, मुलं नाहीत, थांबलेला हात नाही. हिंसा अटळ आहे एवढंच सार्त्र म्हणाला असता तर काम्यूशी फारसा फरक उरला नसता. पण इथं ती औषध झालेली आहे.

४ जानेवारी १९६० ला व्हिलब्लव्हँजवळ गाडी झाडावर आदळून काम्यू गेला. सेहेचाळिसाव्या वर्षी. खिशात पॅरिसचं न वापरलेलं रेल्वेचं तिकीट होतं. तीन दिवसांनी सार्त्रचा मृत्युलेख आला. आमचं भांडण झालं होतं, असं त्यानं लिहिलं, पण भांडण काही नसतं, पुन्हा कधी भेट होणार नसली तरी ती एकत्र राहण्याचीच एक तऱ्हा असते. मी वाचत असलेल्या पुस्तकाच्या, वर्तमानपत्राच्या पानावर त्याची नजर आहे असं मला वाटायचं आणि मी स्वतःला विचारायचो, यावर तो काय म्हणतोय? आत्ता या क्षणी काय म्हणत असेल?

फॅननची प्रस्तावना त्यानं लिहिली ती यानंतर वीस महिन्यांनी, सप्टेंबर १९६१ मध्ये.